गच्चीवरून पाहिलेली मालिका

संध्याकाळी साडेसातला मालिकेचा सूर लागला, की बसवनगुडीतल्या त्या गल्लीत माणसं घरात ओढली जायची. फुलवाली टोपलीवर ओलं फडकं टाकून कुणाच्या तरी पायरीवर टेकायची. कुणाची चपाती तव्यावर करपायची, कुणाच्या देवाची आरती दोन कडव्यांत आटपायची. श्यामलाच्या घरात मात्र उलटं घडायचं. सूर लागला, की तिचा नवरा उठायचा.

पद्मनाभ वेताच्या खुर्चीचा हात चाचपायचा, लुंगी सावरायचा, भिंतीला तळवा लावून दारापर्यंत जायचा आणि बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर. पायऱ्या त्याला पाठ होत्या. काचबिंदूनं तीन वर्षांमागे त्याची नजर नेली, पण घर काही नेता आलं नव्हतं. उंबरा कुठे, पितळी कडी कुठे, तुळशीचा कट्टा कुठे, सगळं त्याच्या बोटांत होतं. फक्त टीव्हीसमोर बसणं तेवढं त्यानं सोडलं होतं.

मग खाली टीव्ही एकटा बोलायचा, श्यामला एकटी बघायची आणि मध्ये ती खुर्ची. कुणी पाहुणा तिच्यावर टेकू लागला, की श्यामला म्हणायची, "तिथं नको बाई, वीण सुटलीय तिची." वीण चांगली घट्ट होती. ती खुर्ची साडेसातला भरलेली असावी, एवढंच श्यामलाला हवं होतं. याहून वेगळं मागणं तिनं देवापुढेही ठेवलं नव्हतं.

आणि त्या गुरुवारी, जेवता जेवता, पद्मनाभ म्हणाला, "नंदूला सांगितलंय. सोमवारी येऊन टीव्ही घेऊन जाईल."

नंदू त्याचा भाचा, बनशंकरीला राहणारा.

श्यामलाचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तू सोयराबाईकडे जा की. समोरच तर आहे. भिंतीएवढा टीव्ही आहे तिचा."

"अहो, पण काढायचा कशाला?"

"दुकान मिटलं, पाटी कशाला टांगून ठेवायची?" असं म्हणून त्यानं भातावर ताक ओतून घेतलं. एक थेंब सांडला नाही.

श्यामलाला कळायचं ते कळलं. टीव्ही जात नव्हता. माणूसच निघाला होता, एकेक सामान पुढे धाडत.

ती उठली. ताटं उचलली, ओटा पुसला, पदर खोचला. बघते कसा जातो ते, ती मनाशी म्हणाली. तिच्या माहेरच्या बायका हरायची वेळ आली तरी पदर खोचूनच उभ्या राहायच्या, आणि ही तर अजून खेळायलाही बसली नव्हती.

*

पद्मनाभनं टीव्हीकडे पाठ फिरवावी, म्हणजे कुंभारानं मातीला हात लावू नये तसं होतं.

त्याचं घराणं तीनेकशे वर्षांमागे फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि इथल्याच मातीचं झालं. घरात मराठी, दारात कन्नड, भांडताना दोन्ही. गांधी बाजाराच्या मागच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. टीव्ही विकायचा, दुरुस्त करायचा, लग्नाबिग्नाला भाड्यानंही द्यायचा. गल्लीतला पहिला टीव्ही त्यानंच आणला. लाकडी पेटी, सरकती दारं, चार बारीक पाय. चित्र काळंपांढरं. मग कुणी पडद्यावर लावायची रंगीत काच विकायला आणली, वर निळी, मध्ये गुलाबी, खाली हिरवी. बातम्या सांगणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, तरी गल्ली म्हणाली, कलर आला! पुढे खरा कलर आला. केबलची काळी वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर कारल्याच्या वेलासारखी गेली. छपरांवर ताटं उगवली. टीव्हीनं पोट आत ओढलं आणि तो पापडासारखा भिंतीला चिकटला. शेवटी तर तो लोकांच्या मुठीत मावायला लागला, आणि पद्मनाभनं दुकानाचं शटर ओढलं ते हसत. "आता प्रत्येकाच्या खिशात माझं दुकान आहे," तो म्हणाला होता.

त्या पेटीनं गल्लीला काय काय शिकवलं! पडद्यावरच्या सुनेनं झंपराची बाही कोपराशी आणली, की गांधी बाजारचे शिंपी महिनाभर दुसरी बाही शिवायला तयार नसायचे. खलनायिकेनं कपाळावर नागमोडी टिकली लावली, तर सोयराबाई हळदीकुंकवाला तशीच लावून आली आणि सासूची बोलणी खाऊन गेली. मुहूर्त भटजी काढायचे, पण वऱ्हाडी आधी मालिकेची वेळ विचारायचे.

पण खरं राज्य होतं ते रविवार सकाळच्या पौराणिक मालिकेचं. त्या मालिकेत अवधूत नावाचा एक तरुण ऋषी होता, शांत, मोठ्या डोळ्यांचा. मालिका चालली तेवढ्या काळात गल्लीत तीन अवधूत जन्मले. अजूनही कुणी 'अवधूत' म्हणून हाक मारली, की तीन दारं उघडतात, आणि तीन टक्कल पडलेले बाप्ये डोकावतात.

मालिकेच्या आधी अंघोळी व्हायच्या. चपला बाहेर काढून सगळी गल्ली पद्मनाभच्या ओसरीत दाटीवाटीनं बसायची. सोयराबाईची सासू पेटीला हळदकुंकू वाहायची, उदबत्ती ओवाळायची आणि ती खोचायला जागा मिळेना म्हणून पेटीच्या मागच्या जाळीत खोचायची.

"अय्यो आजी, आत आग लागेल!" पद्मनाभ ओरडायचा.

"देवाच्या घरी आग लागत नसते रे," आजी म्हणायची.

मालिका हिंदीतली, आणि हिंदी तर कुणाला फारसं कळेना. श्यामला तेव्हा नवी नवरी. माहेरी हिंदीच्या परीक्षा दिलेली. म्हणून तिला टीव्हीशेजारी उभी करायचे. राजा बोलून थांबला, की प्रधानानं तोंड उघडायच्या आत हिनं ते अर्धं कन्नड, अर्धं मराठी करून सांगायचं. टीव्ही कुणासाठी थांबत नाही, म्हणून तिची जीभ पळायला शिकली.

चित्र मात्र टिकेल तर शपथ. वारा सुटला, की राजाला दोन मुकुट दिसायचे, मग तीन, मग नुसत्या मुंग्या. अँटेनाचा लोखंडी खांब गच्चीच्या कठड्याशी होता. पद्मनाभ धावत वर जायचा आणि खांब फिरवायचा.

"बंता?" तो वरून विचारायचा. आलं का?

"इल्ला!" सारी ओसरी एका आवाजात. नाही.

"आता बंता?"

"स्वल्प... स्वल्प अजून... बंतु! बंतु! हलू नका!"

आणि तो हलायचा नाही. खांब धरून उन्हात उभा राहायचा, मालिका संपेपर्यंत. ज्याच्या घरचा टीव्ही, त्यालाच मालिका बघायला मिळेना. तेव्हा श्यामलानंच तोड काढली. ती खिडकीशी उभी राहू लागली. डोळे पडद्यावर, तोंड आभाळाकडे. ओसरीला सांगून झालं, की गजांतून वर ओरडायची, "अहो, राजा रथातून उतरला! अनवाणी चाललाय! राणीनं मागं वळून बघितलं, पण ह्यानं नाही बघितलं!"

जात्यावर बसायचे दिवस तेव्हाच सरले होते, पण बायकांच्या गळ्यातली ओवी सरली नव्हती. गल्लीनं श्यामलाला चिडवायला एक ओवी रचली, ती कितीतरी दिवस नळाच्या रांगेतही म्हटली जायची:

माझ्या ग गच्चीवरी, उभा लोखंडाचा खांब
वारा म्हणे हालू दे ग, कंथ म्हणे जरा थांब

*

त्याच गच्चीच्या अर्ध्या भागावर पुढे एक खोली बांधली. आता तिथं मुग्धा भाड्यानं राहत होती. पुण्याची मुलगी, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नोकरीला. आली तेव्हा 'काकू' म्हणायची, महिन्याभरात 'अक्का'वर आली, आणि रिक्षावाल्याशी 'स्वल्प मुंदे', थोडं पुढे, म्हणून भांडायलाही शिकली.

शुक्रवारी सकाळी श्यामलानं तिला सगळं सांगितलं. मुग्धा कॉफीचा पेला तसाच धरून बघत राहिली.

"अक्का, सीरियसली? अहो, मी हेच काम करते! ऑडिओ डिस्क्रिप्शन. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. संवादांच्या मधे जो गॅप असतो ना, त्यात एक आवाज सांगत जातो, स्क्रीनवर काय चाललंय ते."

"मग ह्यांना ऐकव की."

मुग्धा टॅब घेऊन खाली आली. पद्मनाभ तुळशीपाशी उन्हात बसला होता. एका मराठी चित्रपटातला तुकडा तिनं लावला. कुठेतरी दार कुरकुरलं, आणि एक स्वच्छ, सपाट आवाज म्हणाला, "एक स्त्री खोलीत प्रवेश करते. ती खिडकीकडे पाहते. तिच्या डोळ्यांत अश्रू आहेत."

पद्मनाभनं मान तिरकी केली. "ही पोलिसात आहे काय? पंचनामा वाचतेय."

"अण्णा," मुग्धा म्हणाली, "ती मी आहे."

"अय्यो!" पद्मनाभनं जीभ चावली. "आवाज छान आहे हो तुझा."

मुग्धा इतकी हसली, की टॅब मांडीवरून घसरला. मग ती नीट बसून सांगू लागली. या कामाचे नियम असतात. दिसतं तेवढंच सांगायचं, मनचं घालायचं नाही. पात्र बोलत असेल तर आपण गप्प. "नागपूरची एक शाळकरी मुलगी मला व्हॉइस मेसेज पाठवते, अण्णा. परवा म्हणाली, ताई, मला माहीतच नव्हतं की तो हिरो रडताना पाठ फिरवतो."

पद्मनाभनं मान हलवली. "मोठं काम करतेस," तो म्हणाला. "सोडू नकोस. पण मला नको ते, पोरी. जन्मभर लोक म्हणाले, पद्मनाभण्णा, चित्र दाखवा, आणि मी दाखवलं. आता माझ्या पुढ्यात चित्र दुसऱ्यानं वाढायचं आणि मी पान मांडून बसायचं, ते जमायचं नाही."

शनिवारी श्यामलानं आपल्या हातानं करून बघितलं. सूर लागला, तो उठू लागला, तशी तिनं मनगट धरलं. "आज बसा. माझ्यासाठी."

तो बसला. श्यामला त्याच्या कानाशी वाकली आणि मऊ आवाजात सांगू लागली, "हे बघा, आता राजेश्वरी आली हं. सासू. लाल साडी नेसलीय. बिचारा मुलगा बघा कसा बसलाय..."

"श्यामला, तिला बोलू तरी दे."

"बरं बरं. आता ती बघतेय हं. आता तो बघतोय. मी सांगते ना तुम्हाला सगळं..."

ढँ ढँ ढँ, संगीत वाजलं. पद्मनाभनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तो उठला.

"लहान पोराला चिऊकाऊचा घास भरवतात तसं सांगतेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मला भरवू नकोस."

जिन्यावर त्याची पावलं वर गेली. श्यामलानं त्या रात्री टीव्ही पुन्हा लावला नाही.

*

रविवारी सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. अँटेना केव्हाच मोडीत गेला होता, खांब मात्र जागेवर होता. आता त्याला कपड्यांची दोरी बांधलेली. तिनं ओली चादर टाकली, दोरी ताणली, खांब जरासुद्धा हलला नाही. तिचा हात नकळत खाली गेला, कठड्यापाशी, जिथे लोखंडाचे दोन क्लँप खांबाला आवळून बसले होते. गंजलेले, पण पकड तीच.

हे क्लँप तिच्या ओळखीचे होते.

मालिकेतला राजा राज्य सोडून निघाला, त्याच्या आदल्या दिवशी ती इथं सांडगे घालायला आली होती. सुपाचा तोल गेला म्हणून तिनं खांबाला टेका दिला, आणि खांब भिंतीसारखा उभा. वाकून बघते तो नवेकोरे दोन क्लँप, नट कडक आवळलेले, वर ग्रीस. वादळ आलं असतं तरी तो अँटेना तसूभर फिरला नसता. धरून उभं राहायची काही गरजच नव्हती. आणि तरी दुसऱ्या दिवशी पद्मनाभ वर गेला होता. तिनं खिडकीतून बघितलं होतं, दोन्ही हातांनी खांब धरून उभा, मान खाली, कान तिच्याकडे. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. तिनं फक्त त्या दिवशी जरा जास्त ओरडून सांगितलं.

आता चादरीचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं आणि ती उभी होती. ती स्वतःशीच हसली.

तेव्हा मी कुठे भरवत होते? त्याच्या हाताला काम होतं. तो वर पहाऱ्यावर उभा होता, आणि मी खालची खबर धाडत होते. गडी पहाऱ्यावर असला, की खबर मोठ्यानं आणि लवकर द्यायची असते. मऊ आवाजात नव्हे.

"मुग्धा," तिनं खोलीचं दार वाजवलं. "ते गॅपचं काय ते, मला पुन्हा एकदा सांग गं."

*

संध्याकाळी महासंचिके होती. रविवारी लागणारा लांबलचक खास भाग, त्याला इथं हेच म्हणतात. मालिकेतली थोरली सून गौरी नदीत वाहून गेली असं सगळे धरून चालले होते, आणि आज राजेश्वरी आपल्या मुलाचा दुसरा साखरपुडा लावणार होती. गल्ली साडेसातच्या आधीच सुनी झाली.

सूर लागला. पद्मनाभ उठला. "जाऊन बसतो वर."

"सावकाश," श्यामला म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की त्यानं दारात थांबून क्षणभर कान दिला. मग तो गेला.

पावलं वर पोचली. श्यामलानं टीव्हीचा आवाज चढवला, खिडकीची दोन्ही दारं उघडली, पदर खोचला.

"अहो!"

गळा निघाला. थोडा खरखरीत, पण जागच्या जागी.

वरून काही नाही.

"अहो, मांडव घातलाय! झेंडू नाही, सगळी पांढरी फुलं! साखरपुड्याला पांढरी फुलं कोण लावतं हो?"

समोरच्या खिडकीत सोयराबाई उगवली, हातात कालथा. "श्यामला! काय झालं गं? कुणावर ओरडतेस?"

"ओरडत नाही! मालिका सांगतेय!"

"कुणाला?"

"गच्चीवर!"

सोयराबाईनं मान वर केली, अंधारलेल्या गच्चीकडे बघितलं, आणि तिचा कालथा हवेतच राहिला. "देवा रे, परत सुरू?" मग म्हणाली, "मग जोरात सांग बाई. मी फोडणीपाशी आहे, मला पण दिसत नाही."

टीव्हीवर राजेश्वरी बोलू लागली होती. श्यामलाच्या तोंडून निघालंच, "आता सासू पुढं आली, हातात ताट..."

"अक्का!" वरून मुग्धाची हाक. "ती बोलतेय! गॅपमधे, गॅपमधे!"

"सरी, सरी!"

श्यामलानं ओठ मिटले. राजेश्वरीचं बोलणं संपलं. ढँ ढँ ढँ सुरू झालं, आणि हिची जीभ सुटली.

"राजेश्वरी बघतेय! डावी भुवई वर! आता मुलगा, तो खाली बघतोय! आता नवी मुलगी, ती त्याच्याकडे! आता भटजी बघतायत! आता परत राजेश्वरी, तीच भुवई!"

संगीत थांबलं. त्या शांततेत वरून आवाज आला, जाड, अडखळत.

"भटजी कशाला बघतायत?"

श्यामलानं खिडकीचा गज धरला. "त्यांनाही टीव्हीत दिसायचंय!"

समोरून सोयराबाई खिदळली. आणि मग मुग्धा ओरडली, तिला राहवलंच नसावं, "अक्का, अण्णांनी खांब धरलाय! दोन्ही हातांनी!"

"धरू दे!" श्यामला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही, कारण पडद्यावर अंगठी आली होती. "नवऱ्यानं अंगठी काढली! हात कापतोय त्याचा! सुटली! अंगठी पडली! घरंगळत चाललीय... पाटाखालून... कुणाचं लक्ष नाही... उंबऱ्याकडे... थांबली! एका पायाशी थांबली!"

"कुणाच्या?"

"बाईचा पाय आहे! अनवाणी! ओला!"

"ओला? मग कुणाचा, बघ नीट! आणखी काय दिसतंय?"

इथं श्यामलानं आवाज उतरवला. गप्प मात्र राहिली नाही. दिसलं ते सगळं सांगत राहिली, खरंखरं, पण शेजारी बसलेल्याला सांगावं तेवढ्याच आवाजात. "जोडवं एकाच बोटात आहे."

"काय? बोटात काय?"

"साडीचा काठ फाटलाय. चिखल लागलाय."

"श्यामला! ऐकू येत नाही!"

"पाऊल उंबऱ्याच्या आत आलं."

आणि जाहिरात लागली. खोबरेल तेलाची. श्यामलानं टीव्हीचा आवाज पार खाली नेला. आता तिला जिना ऐकू येत होता. पहिल्या पायरीवर पाऊल. थांबलं. मग दुसरं. भिंतीवर घासत येणारा तळवा. मध्येच पुन्हा थांबला.

"श्यामला?"

"फाटलाय काठ, म्हटलं," ती पुटपुटली, जणू भिंतीला सांगत होती.

पावलं भराभर खाली आली. पद्मनाभ दारात उभा राहिला, केस वाऱ्यानं उडालेले, हातांना खांबाचा तांबडा गंज.

"आवाज का गेला?"

"अँटेना हलला असेल."

"तो कसा हलेल? डबल क्लँप मारलेत मी, चांगले आवळून..."

तो थांबला. टीव्हीत एक बाई मान झटकून केस उडवत होती.

"ठाऊक आहे मला," श्यामला म्हणाली. "सांडगे घालायला आले होते, तेव्हाच बघितले. नट कडक, वर ग्रीस. राजा दुसऱ्या दिवशी राज्य सोडून निघाला."

पद्मनाभच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं. "तेव्हापासून ठाऊक आहे? आणि तरी ओरडत राहिलीस? पुढची सगळी मालिका?"

"आणि तुम्ही तरी उन्हात उभे राहिलात? पुढची सगळी मालिका?"

तो हसला, लाजल्यासारखा. दाराच्या चौकटीवर बोटांचा गंज पुसत म्हणाला, "घर भरलेलं असायचं. आई, काका, आत्या. दिवसभरात तू माझ्याशी दोन शब्द बोलायचीस तेही ताट वाढताना. खाली बसलो असतो, तर माझ्या वाट्याला काय आलं असतं? सगळ्यांच्यात मिळून थोडंसं. वर उभं राहिलं, की सगळ्या गल्लीदेखत तू नुसती माझ्याशी बोलायचीस."

एवढ्या वर्षांत या गृहस्थानं तिच्याशी एवढं लांब वाक्य बोललेलं तिला आठवत नव्हतं.

"ए श्यामला!" समोरून सोयराबाईचा गळा. "गप्प का झालीस? पाय कुणाचा, पाय?"

आणि पद्मनाभच खिडकीकडे तोंड करून ओरडला, "थांबा हो सोयरक्का! जाहिरात आहे!"

मुग्धा जिन्यावरून उतरून दाराबाहेर पायरीवर टेकली, गुडघ्यांना मिठी मारून.

"बसता का उभेच?" श्यामलानं विचारलं. "बसल्याशिवाय पाय कुणाचा ते सांगणार नाही. आणि कानात बोलणार नाही. ओरडूनच सांगेन."

"ओरड," पद्मनाभ म्हणाला. "पण उभी राहून सांग, खिडकीपाशी. तिथूनच नीट येतं."

तो खुर्चीकडे गेला. बोटांनी वेत चाचपला, पाठ शोधली आणि बसला. वेत जुन्या ओळखीनं कुरकुरला. श्यामला खिडकीपाशी गेली, आवाज चढवला. मालिकेचा सूर पुन्हा वाजला.

"पाऊल आत आलं!" ती ओरडली, खोलीला, गल्लीला, आभाळाला. "पदर डोक्यावरून घेतलाय! पाणी निथळतंय! सगळे वळले! राजेश्वरीच्या हातातलं ताट खाली! पदर सरकतोय... सरकतोय... गौरी!"

"मला ठाऊकच होतं," पद्मनाभ म्हणाला.

"डोंबल ठाऊक होतं! मग धावत कशाला आलात?"

समोर सोयराबाईनं टाळी वाजवली. फोडणी करपल्याचा वास गल्लीभर झाला. टीव्हीत कुणी बोलेना, नुसते चेहऱ्यावर चेहरे, आणि श्यामला एकेक चेहरा उचलून सांगत राहिली. मुलाच्या ओठांना कंप. नव्या मुलीनं स्वतःच गळ्यातला हार काढला. भटजी, अर्थातच, बघत होते. पद्मनाभ पुढे झुकून बसला होता, खुर्चीचे दोन्ही हात खांबासारखे पकडून.

"नंदूला फोन करायला हवा," मध्येच तो म्हणाला.

"कशाला? येऊ दे उद्या. जेवून जाईल, साडेसातला बसेल आपल्याबरोबर."

"जमिनीवर बसेल. खुर्ची एकच आहे."

मग टीव्हीत सगळं थांबलं. गौरी आणि तिचा नवरा समोरासमोर, मध्ये ती अंगठी. संगीतही नाही. एवढी शांतता मालिकेत कधी नसते. श्यामलानं एका दमात सांगून टाकलं, कोण कुठे, हात कसे, डोळे कुठे, आणि ती थांबली. धाप लागली होती. तिनं पडद्यावरची नजर काढली आणि खुर्चीकडे बघितलं.

"बंता?" तिनं विचारलं.

पद्मनाभनं मान किंचित तिरकी केली, डोळे मिटलेले, चेहरा उजेडात.

"बंतु," तो म्हणाला. "बंतु. हलू नकोस."